म्हशीचा उतार नक्की कुठे

२ जून

आज आमच्या बचाव केंद्राच्या अंगणात टेम्पो भरून लोखंडी खांब आले. पिवळेधमक, वर काळ्या रंगात आकडे, एक ते चाळीस. साहेबांचं म्हणणं, पाणी वाढायच्या आत हे नदीच्या दोन्ही काठांना रोवायचे. त्यानंतर वायरलेसवर कुणी जागेचं नाव घ्यायचं नाही, फक्त नंबर सांगायचा.

मला रागच आला. इतकी वर्षं मी त्या वायरलेसवर बसते. जावईखडकाला झाड अडकलंय, वैद्याच्या बुडीला कुणाची तरी शेळी आलीय, असं बोलण्यात माझा जन्म चाललाय. मी म्हटलं, "साहेब, बुडणाऱ्याला नंबर आठवेल का?"

"आणि त्याला नाव आठवलं, तर बोट कुठे पाठवायची हे आपल्याला कळेल का?"

गेल्या वर्षीचं मलाही आठवत होतं. 'दोन छत्र्या' नावाची जागा दोन्ही काठांना आहे. तिथून फोन आला आणि बोट गेली डाव्या काठाच्या दोन छत्र्यांना. माणूस उजव्या काठाच्या दोन छत्र्यांना फांदी धरून लोंबकळत होता. वाचला बिचारा, पण साहेबांनी तेव्हापासून त्या गोष्टीचा धसका घेतलाय.

शेवटी सौदा ठरला. प्रत्येक नाव, त्याची नक्की जागा आणि ते का पडलं, हे मी गोळा करायचं. ज्या नावाबद्दल जाणत्या माणसांत एकमत होईल, ते खांबावर नंबराच्या खाली रंगवायचं. वाद असला तर नुसता नंबर. मला ही कामगिरी मनापासून आवडली आहे. घरात याबद्दल बोलावं तर सगळेच नदीवरचे, जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. म्हणून इथे लिहिते.

५ जून

जाणता माणूस शोधायला मला लांब जायला नकोच. सासऱ्यांनी उभा जन्म होडी चालवली, माणसं या काठावरून त्या काठावर नेली. आज चहा झाल्यावर त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, "बाबा, जावईखडक का म्हणतात?"

बाबा एकदम खुलले. एक जावई सासुरवाडीहून रुसून निघाला. भर नदीत होडी थांबवून त्या खडकावर उतरला आणि म्हणाला, सासरे स्वतः न्यायला आल्याशिवाय हलणार नाही. सासरे काही आले नाहीत. दुपार टळली, ऊन तापलं, आणि जावई जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक होडीला हात करायला लागला. होडीवाल्यांनी ठरवूनच टाकलं होतं, कुणी थांबायचं नाही.

"मग?"

"मग काय, संध्याकाळी पोहत आला. चप्पल खडकावरच राहिली."

हसून माझ्या पोटात दुखलं. बाबा म्हणाले, "लक्षात ठेव, शहाणपणा करून जागेला नाव पडत नाही. नाव पडायला कुणीतरी ठार वेडेपणा करावा लागतो." आई, म्हणजे सासूबाई, तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. हल्ली बाबा बोलायला लागले की त्या हातातलं काम घेऊन जवळ येऊन बसतात. नवऱ्याच्या त्याच त्या गोष्टी या वयात इतक्या मन लावून ऐकणारी बायको मी पाहिली नव्हती.

९ जून

आज गाडी अडली. म्हशीचा उतार. उतार म्हणजे होडीतून माणसं उतरायची जागा. हा उतार पुलाखाली, उजव्या काठाला, सिमेंटच्या पायऱ्यांपाशी, हे शेंबडं पोरही सांगेल. बाबांना मी फक्त नाव का पडलं ते विचारलं होतं.

ते म्हणाले, एका माणसाने म्हैस होडीत चढवली. म्हैस पलीकडे पोचली, पण उतरायला तयार नाही. ढकलली, ओढली, शेपूट पिरगाळली. शेवटी लोकांचा खोळंबा नको म्हणून तिला तशीच परत आणली. या काठालाही उतरेना. दिवसभर म्हैस नुसती ये-जा करत होती, मालक दोन्ही काठांना शिव्या खात होता.

"आणि हे पुलाखालीच ना?"

"पुलाखाली कशाला? वखारीच्या मागे."

लाकडाची वखार गावात आहे, बांधाच्या आतल्या बाजूला. तिच्या मागे ट्रक उभे राहतात. मी म्हटलं, "बाबा, तिथे नदी कुठे आहे?"

"तुला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

आई घाईघाईने म्हणाल्या, "लिही गं तू पुलाखाली. त्यांना कशाला विचारत बसतेस." मला वाटतं, खांब लावणार हे कळल्यापासून बाबा मनातून चिडलेत आणि राग माझ्यावर काढतात. म्हातारी माणसं अशी आडून बोलतात.

१२ जून

म्हशीची गोष्ट आज पुन्हा सगळी ऐकली. कालही एकदा ऐकलीच होती. मी म्हटलं, झाली की सांगून, तर बाबा म्हणाले, "कधी?" इतका भोळा चेहरा करतात की पाहत राहावं.

जेवताना ह्यांना 'दादा' म्हणाले. पोटच्या मुलाला दादा. ह्यांनी हसून वेळ मारून नेली, "वाढ मला दादा, थोडा भात," आणि ताट अर्धं ठेवून बोटीचं इंजिन बघायला निघून गेले. इंजिन तर परवाच दुरुस्त झालंय.

बाबांची होडीची जुनी शिट्टी पिठाच्या डब्यात सापडली. कुणाचे उद्योग आहेत विचारलं तर आई म्हणाल्या, माझ्याच हातून पडली असेल. दुपारी त्या बाबांच्या शर्टाच्या आतून काहीतरी शिवत होत्या. मी गेले तशी शर्टाची घडी घातली. चोरखिसा असावा. या वयात बाबांना चोरखिशात काय लपवायचं असतं, देव जाणे.

१६ जून

निम्मे खांब लागले. बोटीवरचा हेल्मेट रंग द्यायला आला होता. जमिनीवरसुद्धा हेल्मेट काढत नाही म्हणून त्याचं हे नाव. दिवसभर डोकं खाल्लं त्याने. "वहिनी, वैद्याची बुडी लिहिलंत, पण वैद्य बुडाला का नाही ते लोकांना कळायला नको का?" शेवाळाला जमीन समजून वैद्याने होडीतून पाय बाहेर टाकला होता, एवढीच ती गोष्ट. मी म्हटलं, तू बुडशील तेव्हा सविस्तर लिहीन.

अठरा नंबर पुलाखाली लागला. मी 'म्हशीचा उतार' लिहायला सांगणार, तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "तुमचे सासरे काय म्हणतात?" खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं, ते वखारीमागे म्हणतात. साहेबांनी मान हलवली. "मग वाद आहे. नुसता नंबर."

घरी आले ती रागानेच. बाबांना म्हटलं, "तुमच्या हट्टापायी इतकं चांगलं नाव गेलं. माझं काम आहे हे, गंमत नाही."

"माझ्यामुळे गेलं?" ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू कुणाकडची गं?"

सुनेला तिची जागा दाखवायची ही तऱ्हा मला नवीन होती. मला लागलं. जेवलेच नाही.

२० जून

बाबांशी कामापुरतंच बोलते. ते रोज सकाळी बाहेर जातात, तासाभराने येतात. चपला लाकडाच्या भुशाने भरलेल्या. कुठल्या सुताराकडे जाऊन बसतात कोण जाणे. दारात चपला झाडायचं काम आईंचं. त्या एक शब्द बोलत नाहीत, झाडतात आणि आत ठेवतात.

मी जास्त बोलले का, असं मधूनच मनात येतं. मग वाटतं, मीच का दर वेळी पडतं घ्यायचं.

२४ जून

वरच्या धरणातून निरोप आला. दरवाजे उघडावे लागणार, उद्या नाही तर परवा. सगळ्यांच्या रजा बंद. दोन बोटी तयार ठेवल्यात, एकीवर हे आणि हेल्मेट. नदीचा रंग बदललाय. हे उशिरा घरी आले. झोपण्याआधी उठून बाबांच्या खोलीत डोकावून आले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, काही नाही.

२६ जून

घरी येऊन बसले आहे. झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

पहाटे धरणाचे दरवाजे उघडले. सकाळी पाणी सिमेंटच्या पायऱ्या चढायला लागलं होतं. दुसरी बोट वरच्या अंगाला एका कुटुंबाला काढायला गेलेली. मी वायरलेसवर, साहेब नकाशापाशी उभे. तेवढ्यात आईंचा फोन. त्या केंद्रात कधीच फोन करत नाहीत.

"ते घरात नाहीत. मी अंघोळीला गेले तेवढ्यात गेले. शिट्टी घेऊन गेलेत."

"कुठे गेले?"

"मघापासून घोकत होते, म्हशीच्या उताराला माणसं खोळंबली आहेत." मग आई रडायला लागल्या. "अगं, त्यांना हल्ली कळत नाही गं काही. वर्ष होत आलं. मी सांगितलं नाही तुला."

मला सगळं एकदम कळलं. पिठातली शिट्टी, दादा, तू कुणाकडची. इतके दिवस मी एका आजारी माणसावर रुसून बसले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की बटण दाबायला हात उचलेना. साहेबांनी खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आले.

"बोट एक. बाबा घरातून गेलेत. म्हशीचा उतार, अठरा नंबर."

पलीकडून नुसती खरखर. मग ह्यांचा आवाज, "अठरा. निघालो."

पुलाखाली पाणी खांबांवर आपटत होतं, ते मला वायरलेसवर ऐकू येत होतं. पायऱ्या बुडालेल्या. काठावर कुणी नाही. मग हेल्मेट म्हणाला, "छत्री दिसतेय. पुलाच्या मधल्या खांबाला अडकलीय. काळी."

हे म्हणाले, "आत घेतो बोट."

पुलाच्या खांबांमधून अशा पाण्यात कुणी बोट घालत नाही. साहेबांनी माइक ओढून सांगितलं, घालू नका. ह्यांनी ऐकलं की नाही कळेना. इंजिनाचा आवाज गुदमरल्यासारखा झाला आणि पुन्हा सुरू झाला. मला बाबाही हवे होते आणि हेही हवे होते. देवा, दोघांतलं एक निवडायची वेळ आणू नकोस, एवढंच मी मनात म्हणत होते.

त्याच वेळी फोन वाजला. एक ट्रक ड्रायव्हर तावातावाने बोलत होता. "बाई, वखारीच्या मागे गुडघाभर पाणी आलंय. बांधाकडून नाही, जमिनीतून आल्यासारखं मागच्या बाजूने येतंय. आम्ही गाड्या काढल्या. इथे नदी कुठून आली?"

वखारीच्या मागे. तुला दिसत नाही, त्याला मी काय करू. चपलांचा भुसा.

मी साहेबांना म्हटलं, "बाबा पुलाखाली नाहीत. वखारीमागे आहेत. त्यांचा म्हशीचा उतार तिथे आहे."

"आणि ती छत्री? त्यांचीच असली तर?" साहेब चिडून बोलले नाहीत. ते खरंच विचारत होते. आमच्याकडे एकच बोट होती, आणि माझी चूक झाली तर बाबा पुलाखाली बुडणार होते. मलाही खात्री नव्हती. मी घरी फोन लावला. "आई, बाबांनी छत्री नेली का?"

"नाही. दारामागेच आहे."

साहेबांनी स्वतः माइक घेतला. "बोट एक, अठरा सोडा. छत्री त्यांची नाही. वखारीच्या मागे जा."

"तिथे नदी नाही," हे म्हणाले.

"आज आहे," मी म्हटलं.

वखारीला खांब नव्हता. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून जवळचा नंबर सांगितला, बारा, बाराच्या मागे बांधाला मोरी आहे. साहेबांचे नंबर नसते तर त्या गढूळ पाण्यात ह्यांना ती मोरी सापडलीच नसती, हेही इथे लिहून ठेवते. थोड्या वेळाने हे म्हणाले, "मोरीशेजारचा बांध खचलाय. पाणी सरळ आत चाललंय. वाटच असल्यासारखं."

मग बराच वेळ काही नाही. वखारीतले ओंडके सुटून पाण्यावर तरंगत होते, एकमेकांवर आपटत होते, ते मी नंतर ऐकलं. त्यातला एक बोटीला लागला असता तर तिघंही गेले असते. मला तेव्हा फक्त खरखर ऐकू येत होती. साहेब माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून तसेच उभे राहिले.

आणि खरखरीतून शिट्टी आली. लांब, तीनदा. होडी सुटतेय, चला, अशी. लग्न होऊन आले तेव्हा रोज सकाळी मी तीच ऐकायची.

बाबा वखारीमागे ट्रक भरायच्या ओट्यावर उभे होते. कमरेएवढं पाणी. हे हात पुढे करून म्हणाले, "बाबा, या," तर बाबा म्हणाले, "आधी बायामाणसं घ्या." ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. ह्यांचा आवाज फुटला. तेव्हा हेल्मेट पुढे झाला आणि म्हणाला, "सगळे बसले, बाबा. तुमच्यासाठीच थांबलेत." तसे बाबा निमूट चढले.

चढले, पण उतरेनात. केंद्राच्या पायऱ्यांपाशी बोट लागली, मी हात धरला, आई हात जोडत होत्या, बाबा जागचे हलले नाहीत. तेवढ्यात दुसरा फोन आला, गोठ्याच्या छपरावर दोघं अडकले होते. थांबायला वेळ नव्हता. बाबांना जाकीट घालून, घोंगडी गुंडाळून तसंच नेलं. त्या दोघांना आणलं. बाबा उतरले नाहीत. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला स्वतःच उतरले आणि मला म्हणाले, "भूक लागली."

कपडे बदलताना शर्टाच्या आत शिवलेला कापडाचा तुकडा दिसला. त्यावर आईंनी लाल दोऱ्याने आकडे काढले होते. आमच्या केंद्राचा फोन नंबर.

२७ जून

आईंनी आज सगळं सांगितलं. पूर्वी नदी वखारीमागूनच वाहायची. बांध घातला, पात्र सरळ केलं आणि होडीची जागा पुलाखाली आली. तेव्हा बाबांनीच लोकांना सांगितलं, आता हाच म्हशीचा उतार. माणसं रोजची, नव्या नावाने गोंधळायला नकोत. "घर बदललं म्हणून कुणी आपलं नाव बदलतं का, म्हणायचे," आई म्हणाल्या. म्हणजे पुलाखालचंही नाव बाबांनीच आणलेलं. ते विसरून ते त्याच्या आधीच्या नदीवर परत गेले, इतकंच.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही.

आई खाली मान घालून म्हणाल्या, "तू रोज त्यांच्यापुढे बसून विचारायचीस ना, त्या दिवशी ते चांगले असायचे. सांगितलं असतं तर तू विचारणं बंद केलं असतंस."

केलं असतं.

हे बाहेर पायरीवर बसून ऐकत होते. त्यांनाही संशय होता, आणि तेही माझ्याशी बोलले नव्हते. एका घरात तिघं, तिघांच्या तोंडाला कुलूप.

६ जुलै

पाणी ओसरलं. डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते नीट बोलले, पण धीर देण्यासारखं त्यांच्याकडे फार नव्हतं. कमीच होत जाणार, म्हणाले.

साहेबांनी एकेचाळिसावा खांब मागवलाय, वखारीमागे लावायला. अठरा नंबरखाली म्हशीचा उतार लिहायची परवानगी दिली. मी विचारलं, मग एकेचाळीसला काय? साहेब म्हणाले, बघू, एकमत व्हायला हवं. आणि तासाभराने मीच त्यांना वायरलेसवर ऐकलं, "बोट एक, शिट्टीच्या ओट्यापाशी मातीच्या गोण्या पोचल्या का?" बोटीवर सगळे आठवडाभर तेच म्हणतायत. आपण काय बोललो, ते साहेबांच्या लक्षातही आलं नाही.

१३ जुलै

आज सकाळी बाबांना मीच घेऊन गेले. हल्ली रोज जातो, भुसा दोघांच्या चपलांना. वखारीमागे नवा खांब लागलाय. बाबांनी तो खालपासून वरपर्यंत पाहिला आणि अक्षर लावत वाचलं, "शिट्टीचा ओटा. हे काय नवीन? का म्हणतात असं?"

मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले आणि सांगितलं. एक म्हातारा होता, होडीवाला. मोठा पूर आला तेव्हा तो या ओट्यावर येऊन शिट्टी फुंकत उभा राहिला. एकही माणूस नव्हता, पण म्हणे आधी बायामाणसं घ्या. शेवटी कसाबसा बोटीत चढला, तर उतरायलाच तयार नाही. बोट आपली ये-जा करतेय आणि हा घोंगडी पांघरून मध्ये बसलेला.

बाबा इतके हसले की डोळे पुसायला लागले. "हे मात्र खरं असणार," म्हणाले. "एवढा वेडेपणा केला म्हणजे नाव पडायचंच."

मीही हसले. मग थोडा वेळ आम्ही ट्रक भरताना बघत बसलो. बाबांनी शिट्टी खिशातून काढली, पाहिली, परत ठेवली.

"त्याला न्यायला घरचं कुणी आलं होतं का गं?"

"आले होते," मी म्हटलं. "सगळे आले होते."

"मग ठीक," बाबा म्हणाले.